नाकोजी आणि लेकीचा अमोनिया

खताच्या कारखान्यात त्यांना खऱ्या नावाने कुणी ओळखत नसे. हजेरीच्या कार्डावर जे असेल ते असो, गेटवरच्या पहारेकऱ्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं, नाकोजी. कारण साधं होतं. अमोनिया कुठे सुटला, तर भिंतीवरचा भोंगा वाजायच्या आधी नाकोजींना कळायचं. चहाचा कप तोंडाशी नेता नेता ते थांबायचे, मान जराशी वळवायचे आणि म्हणायचे, "तिसऱ्या पंपाकडे बघा रे कुणीतरी." बघायला गेलेला माणूस पाना शोधतच परत यायचा. साहेब पाहुण्यांना त्यांची ओळख करून देताना म्हणत, "आमची सगळी यंत्रं सहा महिन्यांनी तपासावी लागतात. हे एक तेवढं सर्दी झाल्यावरच बंद पडतं."

पण नाकाची कीर्ती ही वरकमाई. खरं काम वेगळंच होतं. कारखान्याच्या मधोमध सात मजली उंचीचं एक पोलादी नळकांडं उभं होतं, त्याला सगळे मनोरा म्हणत. हवेतला नायट्रोजन आणि दुसऱ्या बाजूने येणारा हायड्रोजन त्या मनोऱ्यात शिरायचे आणि अमोनिया होऊन बाहेर पडायचे. आत भरलेला असे लोखंडाचा काळा दाणा. पुस्तकात त्याला उत्प्रेरक म्हणतात, कारखान्यात नुसता 'दाणा'. तो दाणा नसेल तर कितीही तापवा, कितीही दाबा, हाती काही लागायचं नाही. दहा-बारा वर्षांनी दाणा थकायचा. मग तो काढून नवा भरायचा. जुन्या दाण्याला हवा लागली की तो पेट घ्यायचा, म्हणून तोंडाला मुखवटा आणि पाठीला हवेची नळी लावून आत उतरावं लागे. एकतीस वर्षांच्या नोकरीत नाकोजी तीन वेळा उतरले. नवा दाणा भरल्यावर त्याला 'जागा' करायचा, म्हणजे चार-पाच दिवस हळूहळू तापवत न्यायचा. लोखंडातून पाणी सुटायचं, ते दर तासाला मोजायचं. त्या दिवसांत नाकोजी घरी येत नसत. बायको डबा घेऊन गेटवर जायची आणि म्हणायची, "माझ्या बाळंतपणात दोन दिवस रजा नाही मिळाली तुम्हाला. या दाण्याचं बरं पाच दिवस करताय!"

त्यांना एकच मुलगी. लहानपणी तिने विचारलं होतं, हवेत नायट्रोजन एवढा भरून राहिलाय तर झाडं तो सरळ का खात नाहीत? नाकोजींनी सांगितलं, "नायट्रोजन म्हणजे दोन हट्टी भाऊ. तीन-तीन हातांनी एकमेकांना धरून बसलेले. सोडायलाच तयार नाहीत."

"तीन हात कुणाला असतात?"

"यांना असतात."

"मग त्यांना सोडवतं कोण?"

"मी," नाकोजी म्हणाले. बायको आतून म्हणाली, "हो तर! आणि माझं कपाटाचं कुलूप दोन महिने सुटत नाहीये." पण मुलीला ते उत्तर पटलं. शाळेत वडिलांचा धंदा विचारला की ती सांगायची, भावांची भांडणं नाही, मिठी सोडवतात.

मुलगी रसायनशास्त्र शिकायला शहरात गेली, आणि ती शेवटच्या वर्षाला असताना कारखाना बंद पडला. गॅस परवडेना, यंत्रं जुनी झाली, वगैरे. काही यंत्रं विकली गेली. मनोरा विकत घ्यायला कुणी आलं नाही, म्हणून तो कापायचं ठरलं. तीन आठवडे ते काम चाललं. नाकोजी रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, कामावर जायच्या वेळेला निघायचे आणि रस्त्यावरच्या पुलावर जाऊन उभे राहायचे. वरचा मजला उतरला, मग त्याच्या खालचा. ज्या दिवशी पुलावरून मनोरा दिसेनासा झाला त्या दिवशी ते दुपारीच घरी आले आणि सदरा न काढता पलंगावर पडून राहिले. बायकोने वर्षानुवर्षं त्यांच्या कपड्यांच्या वासाला नावं ठेवली होती. आता कपाट उघडलं की साबणाशिवाय कसलाच वास यायचा नाही, आणि तिलाही ते चुकल्यासारखं वाटायचं.

पुढे मुलीने विद्यापीठात संशोधनाला प्रवेश घेतला. विषय ऐकून नाकोजींनी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि म्हणाले, "पुन्हा सांग."

"अमोनिया, बाबा. पण तुमच्यासारखा नाही. मनोरा नाही, भट्टी नाही, दाब नाही. तळहाताएवढं काचेचं भांडं. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला नायट्रोजन, मध्ये पातळ पडदा, आणि वीज."

"आणि दाणा?"

"दाणा आहे ना! तोच तर शोधायचाय. कागदावर लावलेला लोखंडाचा थर, डोळ्यांना दिसणारही नाही इतका बारीक. वीज नायट्रोजनला धक्का देते, पण दाणा नीट नसेल तर ती सगळी पाण्यावरच खर्च होते. नुसता हायड्रोजन निघतो."

"म्हणजे दाण्यावाचून तुमचंही अडतंच," नाकोजी म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांना दोन घास जास्त गेले.

दर रविवारी तिचा फोन यायचा. आधी आईशी पाच मिनिटं, मग बाबांशी तास. अमोनिया झाला की नाही हे ओळखायची तिची रीत नाकोजींना तोंडपाठ झाली. भांड्यातलं पाणी काढायचं, त्यात थेंब थेंब औषध घालायचं, अर्धा तास थांबायचं. अमोनिया असेल तर पाणी निळं. जितका जास्त तितकं गडद. पहिले आठ महिने पाणी पाण्याच्याच रंगाचं राहिलं. मग एका रविवारी ती ओरडलीच, "बाबा, निळं! अगदी फिकं, पण निळं!" तिथून पुढे दर आठवड्याला ती दाण्यात काहीतरी बदल करायची आणि रंग थोडा चढायचा. नाकोजी पुलावर फिरायला जायचे तेव्हा ओळखीच्या माणसांना थांबवून सांगायचे, "आमच्याकडे पुन्हा सुरू झालाय कारखाना."

निबंध लिहून झाला. मोठ्या नियतकालिकाकडे पाठवायच्या आधी मुलीने आईवडिलांना बोलावलं. "पाठवण्याआधी तुम्ही बघायला पाहिजे," ती म्हणाली. चार तासांचा बसचा प्रवास. नाकोजींनी नवा सदरा घातला होता. बायको म्हणाली, "मुलगी बघायला चाललोय की मुलगा दाखवायला?"

प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर होती. लांबट खोली, दोन्ही बाजूंना टेबलं, खिडकीशी वायूंच्या टाक्या साखळीने बांधलेल्या. मुलीच्या मार्गदर्शक बाई स्वतः दारापर्यंत आल्या. पन्नाशीच्या, केस आखूड, बोलायला मोकळ्या. म्हणाल्या, "तुमचं नाक मी ऐकून आहे!" सगळे हसले. मुलीने दोघांना एका ओळीत ठेवलेल्या बाटल्या दाखवल्या, डावीकडून उजवीकडे निळा रंग गडद होत गेलेला. आईने विचारलं, "यातल्या शेवटच्या बाटलीत किती आहे गं अमोनिया?"

"अगदीच कमी. हुंगलंस तरी वास येणार नाही इतका."

नाकोजींनी ते ऐकलं. मुलगी भांडं जोडायला लागली. पडद्याचा तुकडा आणायला तिने कोपऱ्यातलं कपाट उघडलं, आणि नाकोजींची मान जराशी वळली.

तो वास त्यांना ओळखायला क्षणही लागला नाही. सात वर्षं झाली होती. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्याला तीच बारीक टोचणी, घशाच्या वर तीच थंड रेघ. एखाद्या गेलेल्या माणसाने मागून येऊन खांद्यावर हात ठेवावा, तसं झालं त्यांना. आधी नुसता आनंदच झाला. मग त्यांच्या ध्यानात आलं की भांडं अजून बंद आहे.

मुलगी तुकडा घेऊन टेबलाशी गेली. बाई तिला काहीतरी सांगत होत्या. नाकोजी कपाटापाशी उभे राहिले. पुढे किती वेळा त्यांनी त्या अर्ध्या मिनिटाचा हिशेब मांडला असेल! तेव्हा गप्प बसता आलं असतं. जेवण झाल्यावर लेकीला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशी फोन करता आला असता. पण जन्मभर त्यांनी एकच गोष्ट केली होती. वास आला की तोंड उघडायचं. जो थांबला तो मेला, हे त्या नोकरीचं पहिलं वाक्य.

"बाळ," ते म्हणाले, "इथे अमोनिया आहे."

ती हसली. "असणारच ना बाबा. तोच तर बनवतो आम्ही."

"तुझं भांडं बंद आहे ना अजून?"

"हो."

"आणि तू बनवतेस त्याला वास येत नाही म्हणालीस."

"हो..."

"मग हा कुठला?"

बाईंचं बोलणं थांबलं. त्या उठून कपाटाशी आल्या, आत डोकं घालून त्यांनी श्वास घेतला. त्यांना काही कळलं नाही. नाकोजींनी वाकून खालच्या कप्प्यातली, अमोनिया घातलेल्या काचा पुसायच्या द्रावणाची बाटली बाहेर काढली. बूच अर्धवट लागलेलं होतं. वरच्याच कप्प्यात पडद्यांचा डबा होता, झाकण उघडं.

"हे इथे कधीपासून आहे?" बाईंनी विचारलं.

मुलीला आठवेना. सफाईवाल्याने ठेवलं असेल, बरेच महिने झाले असतील.

बाईंनी डब्यातून एक तुकडा कापला. स्वच्छ पाण्यात टाकला. नायट्रोजन नाही, वीज नाही, दाणा नाही. थोड्या वेळाने त्या पाण्यात औषधाचे थेंब घातले आणि घड्याळ लावलं. त्या अर्ध्या तासात आई पर्सचा बंद एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिली. पाणी आधी हिरवट झालं, मग निळं, मग त्या ओळीतल्या शेवटच्या बाटलीइतकं निळं.

बाई खुर्चीवर बसल्या. "नायट्रोजनऐवजी दुसरा वायू सोडून आपण पडताळा घेतला होता," त्या हळूच म्हणाल्या. "पण तो पहिल्यांदा निळं दिसलं त्या आठवड्यात. तेव्हा डबा नुकताच उघडला होता." पुढचं सगळ्यांना समजलं. पडदा दर आठवड्याला कपाटातला अमोनिया पीत होता, आणि मुलीला वाटत होतं की तिचा दाणा सुधारतोय.

मुलगी आईवडिलांना सोडायला बस थांब्यावर आली. बस येईपर्यंत ती रस्त्याकडे बघत उभी होती. बस आल्यावर आईला तिने मिठी मारली. वडिलांना म्हणाली, "एक दिवस, बाबा. एकच दिवस नाक घरी ठेवून यायचं होतंत." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच बसमधले चार तास नाकोजींना एका जागी बसवत नव्हतं.

त्यानंतर रविवारचा फोन आईच्या मोबाइलवर यायला लागला. नाकोजी वर्तमानपत्र उघडून समोर बसायचे आणि तासभर एकाच पानावर असायचे. त्यांना ऐकू यायची ती निम्मी बाजू. "हं... हं... अगं पण झोपतेस ना नीट?... हो, बरे आहेत... इथेच बसलेत, देऊ का?" मग, "बरं. नंतर बोल हं."

फोन ठेवल्यावर बायको काही न विचारता सांगायची, "निबंध मागे घेतला. पदवी लांबणार म्हणे, दीड-दोन वर्षं." किंवा, "खोकला झालाय तिला." एकदा मात्र ती चिडली. "खरं बोललात हो, कोण नाही म्हणतंय? पण चारचौघांत बोललात. बाईंसमोर."

"गळती चारचौघांतच सांगायची असते," नाकोजी म्हणाले.

"तो कारखाना होता. ही लेक आहे."

नाकोजी पुलावर गेले. हल्ली त्यांना तिथे मनोऱ्याची आठवण कमी यायची. मनात यायचं ते दुसरंच. 'बाबा, निळं!' असं ओरडणारा तो आवाज, आणि दर रविवारचा तो एक तास. त्या निळ्यातला बराचसा काचा पुसायच्या द्रावणाचा होता, हे त्यांना ठाऊक होतं, तरी तो तास परत हवा होता. मोबाइलवर ते संदेश लिहायचे. 'कशी आहेस' लिहायचे आणि पुसायचे. 'चुकलं माझं' लिहिलं, पण ते खोटं होतं, म्हणून तेही पुसलं.

चार महिन्यांनी बाईंचा फोन आला. "तुमचे आभार मानायचे राहिले होते," त्या म्हणाल्या. "निबंध छापून आला असता आणि मग कुणी दुसऱ्याने दाखवून दिलं असतं, तर आम्हाला तोंड दाखवायला जागा नसती. या विषयात भलेभले असेच फसलेत. हवेतला, हातमोज्यातला, श्वासातला अमोनिया मोजून बसतात."

"ती जेवते का वेळेवर?" नाकोजींनी विचारलं.

"मी बघते," बाई म्हणाल्या.

आणखी सहा महिने गेले. एका मंगळवारी, दुपारी तीनच्या सुमारास, नाकोजी गॅलरीत सायकलची साखळी पुसत होते आणि त्यांचा स्वतःचा फोन वाजला. नाव बघून त्यांनी हात पँटलाच पुसले.

"बाबा, एक विचारायचंय," ती म्हणाली. कशी आहे, कसे आहात, काही नाही. "तुम्ही दाणा जागा करताना तासाला किती अंश वाढवायचात?"

"सुरुवातीला वीस-पंचवीस. पाणी सुटायला लागलं की पाच, कधी दोन. कधी नुसतं थांबायचं."

"थांबायचं का?"

"घाई केली की पाणी आतच अडकतं. मग लोखंडाचे कण एकमेकांना चिकटतात, दाणा बसतो. दिसायला सारखाच, पण मेलेला. तुझा मरतोय का?"

"दोन दिवसांत."

"कितीत तापवतेस?"

"एका तासात."

"अगं, एका तासात तर आंघोळीचं पाणी तापवतात."

पलीकडून हसू आलं. तुटक, नाकातून निसटल्यासारखं, पण हसू. मग ती विचारत राहिली आणि ते सांगत राहिले. वायू किती सोडायचा, पाणी कसं मोजायचं, पाणी कमी झालं म्हणजे संपलं असं समजायचं नाही. "पाण्याला विचार," ते म्हणाले, "ते खोटं बोलत नाही." ती लिहून घेत होती, पेनाचा आवाज त्यांना ऐकू येत होता. बायको दाराशी येऊन उभी राहिली, खुणेने 'मला द्या' म्हणाली. नाकोजींनी तिच्याकडे पाठ केली.

शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, त्या दिवशी..."

"राहू दे ते."

"नाही, ऐका. तुम्ही बोललात ते बरोबरच होतं, मला तिथेच कळलं होतं. पण तुम्हाला फोन करायचा म्हटलं की मला त्या बाटल्या दिसायच्या. तुम्ही किती खूश होतात त्या निळ्यावर. मला वाटायचं, आता सांगायला माझ्याकडे काहीच नाही."

नाकोजींनी एवढंच विचारलं, "खोकला गेला का?"

पुढचं वर्षभर ती दाणा पाच दिवस जागा करायची. भांड्याचा प्रत्येक भाग आम्लाने धुवायची. आणि शेवटचा पडताळा तिने खूण केलेल्या नायट्रोजनने घेतला. तो वजनाला जरासा जड असतो, म्हणजे अमोनियात तोच जडपणा सापडला तर तो याच वायूपासून झाला, कपाटातून आला नाही. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा सापडला. किती? दिवसाला नखावर मावेल त्याहून कमी. नाकोजींच्या मनोऱ्यातून दिवसाला नऊशे टन निघायचा. आकडा सांगून ती ते काय म्हणतात याची वाट बघत राहिली.

"पण आपला आहे ना?" नाकोजी म्हणाले.

"आपला आहे."

छोटा निबंध छोट्या नियतकालिकात आला. पदवी मिळाली, दोन वर्षं उशिरा. आणि तिला समुद्रापलीकडे काम मिळालं. तिथे शंभर-शंभर भांडी एकदम लावून दाणे तपासतात म्हणे. जाण्याआधी ती चार दिवस घरी आली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ऊन कलल्यावर ती स्वतःहून म्हणाली, "चला, पुलावर जाऊ."

खाली कारखान्याच्या जागी कुंपण होतं आणि आत माणसाच्या कमरेइतकं गवत. नाकोजींनी हात वर करून रिकाम्या हवेत दाखवलं. "तो तिथे सातवा मजला. तिथून झाकण उघडायचं. इथून मी उतरायचो, बघ, असा." बोट खाली खाली आणत ते गवतापर्यंत आले. ती त्या बोटाकडे बघत होती, जणू खरंच काहीतरी उतरतंय. मग तिने त्यांच्या दंडाला धरलं आणि दोघं बराच वेळ तशीच उभी राहिली. परवा ती जाणार आहे हे दोघांनाही माहीत होतं.

आता रविवारचा फोन सकाळी येतो, कारण तिकडे तेव्हा संध्याकाळ असते. नाकोजी दाढी करून बसतात. अर्धं त्यांना समजत नाही. लोखंडात ती आता दुसरा धातू मिसळते, पाण्याऐवजी दुसरंच द्रावण वापरते, त्यांची नावं ते कागदावर लिहून ठेवतात. तासभर बोलणं होतं. मग बायको ओल्या हातांनी बाहेर येते.

"काय म्हणाली?"

"नवा दाणा नऊ दिवस टिकला."

"ते झालं. येणार कधी ते विचारलंत का?"

नाकोजी कागदाची घडी घालतात, उलगडतात, पुन्हा घालतात.

"ते विचारायचं राहिलं," ते म्हणतात.